ताठ बसल्यावर

चिखलीच्या अकील मिस्त्रीनं शर्यतीच्या गाडीत देवानंदच्या मापानं खांद्याचे पट्टे बसवले. पण सव्वासहा फुटांचा देवानंद जन्मभर दारांखालून वाकत आलेला. मापालाही तो वाकूनच बसला होता, हे अकीलच्या आता ध्यानात आलं.

"ताठ बस बे! भरल्या कणसाच्या ज्वारीवानी काऊन लवतं?"

देवानंद ताठ झाला. खांदे चार बोटं वर चढले नि पट्टे त्यांना खाली दाबू लागले. धडक बसली तर मणकाच दबणार. सीट खाली घ्यावी तर ती आधीच तळाला टेकलेली.

"उद्याच्या शर्यतीत वाकून चालवतो न, अकीलभाई. वर्षभर वाट पाह्यली म्या."

"धडक काय तुले इचारून येते? पट्टे वर घ्याले चार दिवस लागतीन."

अकील पाना घेऊन आपणच आवळलेले बोल्ट सोडवू लागला. देवानंद गाडीतून उतरेना.