थकलेली इस्त्रीवाली

"जरा थकल्यासारख्या दिसा ना, बाई," चित्रकार वोक्लँ तिसऱ्यांदा म्हणाला.

"सकाळचे नऊ वाजलेत," युलाली म्हणाली. "आत्तापासून कशी थकू? संध्याकाळी या."

मी समोरच्या टेबलावर शर्टांच्या कफांना खळ लावत होते. हसू दिसू नये म्हणून मी खळीच्या भांड्यात तोंड घातलं.

पॅरिसच्या बातिन्योल भागातल्या आमच्या इस्त्रीच्या दुकानात युलाली आणि मी अकरा वर्षं समोरासमोर काम करत होतो. ती चव्वेचाळीस वर्षांची, विधवा, दणकट आणि बोलायला लागली की न थांबणारी. शेगडीवरची इस्त्री उचलायची, गालाजवळ नेऊन धग बघायची आणि तेवढ्यात खालच्या खाटकाच्या बायकोची अर्धी गोष्ट सांगून टाकायची. वोक्लँ आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्याला शहरातल्या गरीब बायकांचं दुःख रंगवायचं होतं, आणि ते युलालीच्या चेहऱ्यावर काही केल्या उमटत नव्हतं. त्यानं तिला गळ्याच्या दोन गुंड्या सोडायला लावल्या. बाह्या खांद्यापर्यंत सारायला लावल्या. कपाळावर पाणी शिंपडलं. शेवटी वैतागून तो म्हणाला, "निदान गप्प तरी राहा." गप्प राहिल्यानं ती अर्ध्या तासात खरोखरच दमली. तेवढा चेहरा त्यानं पकडला.

मे महिन्यात चित्र मोठ्या सरकारी प्रदर्शनात लागलं. नाव होतं 'थकलेली इस्त्रीवाली'. आम्हाला झालेला आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी युलालीची मुलगी नोएमी दुकानात आली. विमा कचेरीतल्या एमिल गिल्बो नावाच्या कारकुनाशी तिचं लग्न ठरत होतं.

"रविवारी सगळ्यांनी प्रदर्शनाला जायचंय," ती म्हणाली. "तिकीट नसतं ना रविवारी. एमिलच्या आईला तुला भेटायचंय."

"मग चांगलंच की."

"आई, त्यांना मी सांगितलंय, तुझं कपड्यांचं दुकान आहे म्हणून."

युलालीनं सभोवार पाहिलं. दोऱ्यांवर, टोपल्यांत, टेबलांवर कपडेच कपडे होते. "यात खोटं काय?" ती म्हणाली.

"आणि हाताखाली दोन बायका आहेत, असंही सांगितलंय."

"एक मी," मी म्हटलं. "दुसरी कोण?"

"दुसरी मीच," युलाली म्हणाली. "माझं माझ्यावाचून कधी कुणी ऐकलंय?"

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती मटकन टोपलीवर बसली. भिंतीवर, हजारो लोकांपुढे, गळ्याच्या गुंड्या सोडलेली, घामानं थबथबलेली ती स्वतः टांगलेली होती. नोएमीला या चित्राचा पत्ताच नव्हता. ती गेल्यावर युलालीनं एकाच कफाला चार वेळा इस्त्री केली. अकरा वर्षांत मी तिला आजारी पाहिलं होतं, रडताना पाहिलं होतं, पण एकच काम दोनदा करताना नव्हतं पाहिलं.

उपाय मी काढला. प्रदर्शनातली दालनं चित्रकारांच्या आडनावांच्या आद्याक्षरांप्रमाणे असतात. वोक्लँचं V हे अक्षर जवळजवळ शेवटचं. तिथवर दोन हजार चित्रं. "मधेच कुठेतरी त्यांची मान अवघडेल," मी म्हटलं. "आणि नाहीच अवघडली, तर मी घेरी येऊन पडते."

"नीट पड हं," युलाली म्हणाली. "मागच्या वेळी नाटकगृहात पडलीस, तेव्हा तुला कुणी उचललंच नाही."

रविवारी एमिलची आई, मादाम गिल्बो, काळ्या रेशमात आल्या. ताठ, सडपातळ, बोलणं मोजकं. युलालीनं माझी ओळख 'माझ्याकडे असते' अशी करून दिली आणि मी मान लववली. पहिल्या दालनाच्या दारात अर्धं पॅरिस लोटलं होतं.

"सगळे इथूनच सुरू करतात," मादाम गिल्बो म्हणाल्या. "विहीणबाई, आपण शेवटापासून सुरुवात करू. तिकडे मोकळं असेल."

युलालीनं माझ्याकडे पाहिलं. घेरी यायला ती जागा योग्य नव्हती. लोकांनी तुडवलं असतं.

निम्म्या वाटेवर एमिल आणि नोएमी एका समुद्राच्या चित्रापाशी रेंगाळले. तरुण माणसांना समुद्र बरा पडतो, दोघांना एकाच दिशेनं बघता येतं. आम्ही तिघी पुढे गेलो. युलाली विहीणबाईंना दर खिडकीपाशी थांबवून बाहेरची हवा दाखवत होती. तरी व्हायचं ते झालं. चित्र दारासमोरच, नजरेच्या उंचीवर होतं. वोक्लँचं नशीब आणि युलालीची वाईट वेळ.

मादाम गिल्बो त्यापुढे उभ्या राहिल्या. खूप वेळ. युलालीनं टोपी भुवयांपर्यंत ओढली. मी घेरीची तयारी केली, मागे कोण आहे तेही बघून घेतलं.

"मूर्ख माणूस," मादाम गिल्बो म्हणाल्या.

"कोण?" युलालीचा आवाज चिरकला.

"हा चित्रकार. बाईनं तापलेली इस्त्री शर्टाच्या छातीवर ठेवलीय आणि बघतेय कुठे, तर खिडकीबाहेर. मिनिटात भोक पडेल. अशी ठेवली होती म्हणून मालकिणीनं माझ्या मुस्कटात..."

त्या थांबल्या. पण युलालीला थांबता येत नव्हतं. व्यवसायातली चूक कुणी काढली की तिला राहवतच नसे.

"तेच सांगत होते मी त्याला. म्हटलं, मी आयुष्यात कापडावर इस्त्री ठेवून हात सोडलेला नाही. तर म्हणतो कसा, तुम्ही हलू नका."

दालनात माणसं येत-जात होती.  मादाम गिल्बोंनी एकदा चित्राकडे बघितलं, एकदा टोपीखालच्या चेहऱ्याकडे.

"नाक बरं काढलंय," शेवटी त्या म्हणाल्या.

"तुम्ही कुठल्या दुकानात होतात?"

"ग्रनेल भागात. एकोणीस वर्षं. एमिल तीन वर्षांचा होईपर्यंत. त्याला वाटतं, माझ्या माहेरी जमीन होती. त्याला सांगू नका."

"नोएमीलाही कळू देऊ नका, मी बोलून बसले ते. बिचारीनं एवढं छान रचलंय."

"तुमचं दुकान?"

"मालकीण वेगळी आहे," युलाली म्हणाली. मग माझ्याकडे बोट केलं. "आणि ही माझ्याकडे नसते. आम्ही दोघी मालकिणीकडे असतो."

मादाम गिल्बोंना हसू आलं. हसल्या की त्यांचा ताठपणा एकदम सैल पडायचा. दालनाच्या मधोमध मखमली बाक होता, त्यावर आम्ही तिघी बसलो. मग खळीचा विषय निघाला. तांदळाची चांगली की बटाट्याची, त्यात मेण किती घालावं. मादाम गिल्बो म्हणाल्या, अजूनही कुणाशी बोलताना त्यांची नजर आधी कॉलरवर जाते. बोलता बोलता त्यांनी खाली वाकून उजव्या बुटाची नाडी सोडली.

"चौदा-चौदा तास उभं राहून पावलं सुजली, ती मेली सूज अजून उतरत नाही," त्या म्हणाल्या.

"माझीही," युलाली म्हणाली, आणि वाकली. मग मीही वाकले. तिघींचे बूट बाकाखाली गेले.

समोर 'थकलेली इस्त्रीवाली' कुठेतरी दूर बघत उभी होती. एक गृहस्थ आपल्या बायकोला तिच्या डोळ्यांतलं दुःख समजावून सांगत होते. आमच्यामुळे त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी आम्हाला जरा सरकायला सांगितलं. आम्ही मोज्यांतले सहा पाय तसेच उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकलो.