चोविसावी चाल

अंकुश मेश्रामने पांढरा घोडा ई-सातवर ठेवला, काळ्या राजाला शह दिला आणि मांडीवरचा कागद पुन्हा उजेडाकडे धरला. राजा कोपऱ्यात सरकला. इथपर्यंत पोरीचा डाव सुरेख होता. मग हरली कशी?

सकाळी भंडाऱ्याला जिल्ह्याची निवड स्पर्धा संपली होती. पहिल्या दोघींना नागपूरच्या निवासी प्रशिक्षणात जागा मिळणार होती. शाळाही तिथलीच. शेवटच्या फेरीत रश्मीला जिंकणं भाग होतं. ती हरली आणि तिसरी आली. सभागृहाच्या दारात, बाकीच्या आईबापांसमोर, अंकुशने तिला विचारलं होतं, "डोकं घरी ठेवून आली होती का?" चाली लिहिलेल्या कागदाची घडी करून पंधरा वर्षांच्या रश्मीने ती बापाच्या खिशात सरकवली होती. मग दोघं मोटरसायकलवरून आंधळगावला घरी आले होते.

चाली लिहायला त्यानेच शिकवलं होतं, ती सात वर्षांची असताना. आधी खेळायचं, मग लिहायचं. बाजूला घड्याळात उरलेला वेळ लिहायचा. "लिहिलेलं खोटं बोलत नाही," असं तो म्हणायचा. दर डावानंतर लाल पेन घेऊन कागद तपासायचा आणि चुकलेल्या चालींना गोल करायचा. तालुक्याच्या कचेरीत फायली तपासताना लागलेली ती सवय होती.

लाल पेन आताही त्याच्या बोटांत होतं. चोविसावी चाल. घोडा मागे. इतक्या पुढे आणलेला घोडा मागे? त्याने गोल करायला पेन टेकवलं आणि तसंच उचललं.

त्या ओळीत आधी दुसरंच काही लिहिलेलं होतं. त्यावर एकच बारीक रेघ मारलेली होती. खालची अक्षरं स्वच्छ दिसत होती. वजीर एच-सात, शह.

अंकुशने पटावर वजीर उचलून तिथलं प्यादं मारलं. राजाने वजीर मारला. बाजूच्या हत्तीने मात. दोन चालींत खेळ खलास. ही मात तर रश्मी नवव्या वर्षापासून डोळे मिटून सांगायची.

त्याने बाजूचे आकडे पाहिले. मागच्या चालीला तिच्याकडे एकतीस मिनिटं होती. या चालीनंतर चौदा. सतरा मिनिटं पोर त्या कागदाकडे बघत बसली होती.

तो उठून मागच्या अंगणात गेला. रश्मी न्हाणीजवळ शाळेचे बूट घासत होती. पलीकडच्या खळ्यात धानाची मळणी चालली होती आणि हवेत भुसा तरंगत होता.

"चोविसावी चाल," तो म्हणाला.

ब्रश थांबला.

"तुले दिसली होती."

"हो बाबा."

"मंग खेळली काहून नाही?"

"जिंकली असती तं जावं लागलं असतं."

"तुले जायचं नव्हतं, तं तोंडानं सांगायचं."

"सांगतलं होतं. दिवाळीत बी सांगतलं, परीक्षेच्या आधी बी. तुम्ही म्हणले, भीती आहे, निघून जाईल."

अंकुशला ते आठवलं. त्या वेळी तो स्पर्धेचा अर्ज भरत होता.

"मंग लिहिली कायले? लिहून खोडली कायले?"

रश्मीने बूट उलटा करून पाणी झटकलं. "कागद तं तुम्ही वाचताच ना."

तो न्हाणीच्या कट्ट्यावर बसला. हातातलं लाल पेन त्याने खिशात घातलं. टोपण लावायचं राहून गेलं आणि खिशावर लाल ठिपका पसरत गेला.

तेवढ्यात खोलीत मोबाइल वाजला. त्याच्या बायकोने, रत्नमालाने, तो आणून त्याच्या हातात दिला. "भंडाऱ्याचे सर आहेत."

अंकुश फोन घेऊन समोरच्या रस्त्यावर गेला. स्पर्धा घेणारे हे सर घाईत होते. त्यांचा शब्द अंकुशने कधी मोडला नव्हता. दुसऱ्या आलेल्या मुलीच्या घरच्यांनी नकार कळवला होता. नागपूरची जागा आता रश्मीला मिळत होती. संध्याकाळपर्यंत नाव पाठवायचं होतं. "पाठवू ना?"

समोरून धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत अंकुश थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या माणसाला म्हणाला, "नाही सर. तिले नाही पाठवत." सरांनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला.

परत अंगणात येताना त्याला फार दिवसांनी हलकं वाटत होतं. अडलेल्या डावात नेमकी चाल सापडावी, तसं.

"जागा निघाली होती तुह्यासाठी," तो रश्मीला म्हणाला. "मी नाही म्हणून टाकलं."

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तिच्या हातातल्या धुतलेल्या बुटातून पाणी गळत होतं.

"मले विचारलं काहून नाही?"

"अवं, तूच तं आत्ता म्हणाली..."

"म्हणाली. पण जागा माही होती ना, बाबा. एकदा विचारायचं तं असतं."

अंकुशने सरांचा नंबर काढून मोबाइल तिच्यासमोर धरला. रश्मीने ओले हात ओढणीला पुसले. पुसतच राहिली. फोन घ्यायला मात्र तिने हात पुढे केला नाही.