आत अडकलेली हवा

"बंद करू नकोस, लाव्हार. चालूच राहू दे," आर्विल म्हणाला आणि गुडघ्यांवर हात टेकून गाडीच्या नाकासमोर वाकला. "पंखा ऐकू येतोय ना?"

"येतोय की."

"मग काल सकाळपासून त्या पंख्याला शिव्या कशाला देतोयस? तो बिचारा फिरतोय."

त्याने खिशातला रुमाल काढून पुढच्या जाळीवर धरला आणि सोडला. रुमाल खाली मातीत पडला.

"चिकटायला हवा होता. हवा आत जातच नाहीये. चढावर तापणार नाही तर काय होईल?"

"अरे, कालच धुतली मी ती! चकाचक केली."

"पुढून धुतलीस. तोंड धुतलंस, घसा तसाच ठेवलास."

मागच्या पायरीवर वाटाणे सोलत बसलेल्या आर्विलच्या बायकोला, थोराला, हसू आलं. लाव्हारची ती गाडी म्हणजे दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढीच, वर लोखंडी नळ्यांचा पिंजरा, जाड चाकं. तिकडे सॅनपीटच्या खोऱ्यात आता घोड्यापेक्षा ही रानगाडीच घरोघरी असते. मेंढ्यांकडे जायला तीच, कालव्याचं पाणी फिरवायला तीच आणि शिकारीलाही तीच. लाव्हारची मेंढरं उन्हाळाभर डोंगरावर असत. त्याचा म्हातारा कुत्रा टिप शेजारच्या सीटवर मालकासारखा बसलेला असे.

आर्विलने रेडिएटर सैल करून पुढे ओढला. मागच्या अंगाला चिखल, मेंढीची लोकर आणि नदीकाठच्या झाडांचा उडता कापूस यांची घट्ट गादी बसली होती. त्याने ती बोटांनी सोलून लाव्हारच्या हातात दिली.

"घे. एक स्वेटर होईल. आता मागून धुवायचं, आतून बाहेर. आणि पाण्याचा जोर बेताचा. नाहीतर पाती वाकतात, मग देवसुद्धा हवा घालू शकत नाही."

आर्विल मॉर्टेन्सन आधी कोळशाच्या खाणीतल्या वर्कशॉपमध्ये होता. खाण बंद झाल्यावर त्याने घरामागच्या शेडमध्ये काम सुरू केलं. थोरा शाळेच्या स्वयंपाकघरात पाव भाजायची. चार मुलं मोठी झाली, दूरदूर गेली. याहून सांगण्यासारखं त्यांच्या आयुष्यात काही घडलं नव्हतं. त्या वसंतात मात्र डॉक्टरांनी आर्विलला तपासून एका आजाराचं नाव सांगितलं होतं. आर्विलच्या ते नाव लक्षात राहिलं नाही. थोराच्या डोक्यातून ते जाईना.

लाव्हारचा रेडिएटर धुतला, त्याच आठवड्यात कपडे धुताना आर्विलच्या शर्टाच्या खिशात तिला एक छोटा पितळी स्क्रू सापडला. तो घेऊन ती शेडमध्ये गेली.

"हा कशाचा रे?"

त्याने तो बोटांत फिरवला. "हवेचा. रेडिएटर भरताना हा सैल करायचा, हवा निघून गेली की घट्ट. कुठं मिळाला?"

थोरा म्हणाली, "अंगणात."

"कुणाचा तरी पडलाय. बिचाऱ्याचं सगळं पाणी रस्त्यात सांडणार. तापणार त्याची गाडी," असं तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं.

तेवढ्यात फाटकातून लाव्हारची पिकअप आत आली. मागे दोराला बांधलेली रानगाडी.

"आर्विल! घाटाच्या तोंडाशीच पाणी ओकली रे ही!"

आर्विलने वाकून पाहिलं, मग हातातल्या स्क्रूकडे पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. "नशीबवान आहेस. हा बघ. आमच्याच अंगणात पडला होता." त्याने तो बसवला, पाणी भरलं. दगडधोंड्यांत हादरून सैल झाला असेल, असं दोघांचं ठरलं. थोराने आत जाऊन त्याच्या सगळ्या शर्टांचे खिसे उलटे करून पाहिले.

दुसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "मला शिकव ना तुझं काम."

"तुला? आत्ता?" आर्विल हसला. "का गं म्हातारे, मला नोकरीवरून काढतेस?"

"हात देईन तुला."

त्याने शिकवलं. आणि थोराला त्यातलं सगळ्यात मोठं दुःख तिथेच कळलं. त्याच्या जिभेला सगळं येत होतं. आधी बघायचं, मग हात लावायचा. जाळी, मग पाणी, मग झाकणाचं रबर, मग पंखा. इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही, तोंड भाजेल. थर्मोस्टॅटचा, म्हणजे पाणी तापलं की आपोआप उघडणाऱ्या झडपेचा, संशय आला तर तो काढून उकळत्या पाण्यात टाकायचा. उघडला तर चांगला, नाही उघडला तर फेकायचा.

"उकळत्या पाण्यात? माझ्या पातेल्यात?"

"मग काय आपल्या चर्चमधल्या बिशपच्या बायकोच्या पातेल्यात? आणि शेवटी हवा. ही सगळ्यात महत्त्वाची. गाडीचं नाक उंच करायचं, पुढची चाकं फळीवर चढवायची आणि हळूहळू भरायचं. बुडबुडे येतात ते येऊ द्यायचे. तू चार पोरांना खांद्यावर घेऊन ढेकर काढलेस ना? तसंच. घाई केलीस, तर हवा आत अडकते. अडकलेली हवा दिसत नाही, ऐकू येत नाही. गाडी आपली छान चालते आणि एक दिवस मारते."

हे सगळं तो एकही शब्द न चुकता सांगे. आणि सांगता सांगता हात वेगळंच काहीतरी करत. वायर जोडायची राहून जाई. झाकण अर्धंच फिरवलेलं असे. नवा थर्मोस्टॅट डब्यातच राही आणि जुनाच परत आत जाई.

मग तिने ठरवलं. दुपारी जेवून तो आडवा झाला की ती शेडमध्ये जायची आणि त्याने केलेलं प्रत्येक काम पुन्हा तपासायची. झाकण घट्ट करायची, वायर खोचायची, फळ्या लावून नाक उंच करायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत शेजारी बसून राहायची. लोक गाडी घेऊन जात आणि म्हणत, "आर्विलसारखा माणूस नाही." तो मान डोलवी. थोरा दारात उभी राहून हात पुसत असे. मुलांचे फोन आले की ती म्हणे, "बाबा कामात आहेत." शेड बंद कर, असं आपण त्याला सांगायला हवं, हे तिला कळत होतं. रोज सकाळी ती सांगायचं ठरवायची. पण सकाळी तो कामाचा शर्ट चढवून, भांग पाडून, शेडकडे अशा काही चालीने निघायचा की तिचं तोंडच उघडत नसे.

जुलैच्या शेवटी लाव्हारच्या गाडीचा पाण्याचा पंप गेला. आर्विलने नवा बसवला. त्या दुपारी गावात एक मयत होती. चर्चच्या स्वयंपाकघरात मयताच्या घरच्यांसाठी जेवण करायचं होतं, आणि चीज घातलेले बटाटे मॉर्टेन्सनबाईंच्याच हातचे हवेत असं सगळ्याजणींचं म्हणणं. थोरा गेली. गाडी उद्या न्यायला येईन, असं लाव्हार म्हणाला होता.

ती परत आली तेव्हा शेड रिकामी होती.

"लाव्हार घेऊन गेला," आर्विल म्हणाला. "त्याला वाळवंटाकडं हिवाळी कुरणाचं कुंपण बघायचंय. मस्त चालू झाली गाडी."

फळ्या भिंतीला उभ्या होत्या. काल तिने ठेवल्या होत्या तशाच, कोरड्या.

तिने फोन लावला. घंटा वाजत राहिली. ती पिकअप काढून लाव्हारच्या घरी गेली. तिथेही कुणी नव्हतं, फक्त टिपचं पाण्याचं भांडं दारात. पश्चिमेला टेकड्यांवर ऊन पांढरं झालं होतं. तिकडे फोन लागत नाही.

लाव्हारची गाडी कुरणाच्या पार टोकाला जाऊन बंद पडली. धोक्याचा दिवासुद्धा लागला नाही. तो सत्तरीचा माणूस टोपीवर ओला रुमाल टाकून चालत निघाला. टिप थोडा चालला, मग माघारी फिरून गाडीच्या सावलीत जाऊन बसला. लाव्हारने उरलेलं पाणी टोपणात ओतून त्याच्यापुढे ठेवलं. संध्याकाळी खडीच्या रस्त्यावर एका ट्रकवाल्याने लाव्हारला उचललं. सकाळी तो पाणी घेऊन परत गेला, तेव्हा टिप गाडीखालीच होता. जागचा हलला नव्हता.

कुत्र्याला पुरून लाव्हार गाडी ट्रेलरवर घालून थेट शेडशी आला. ओठ सोलले होते. त्याने गाडीकडे बोट दाखवलं.

आर्विलने तेलाची पट्टी ओढून पाहिली. पाणी उतरून तेल दुधाळ झालं होतं. त्याने झाकण उघडलं, आत बोट घातलं, बोटाचा वास घेतला. मग तो ताठ उभा राहिला. त्या वेळी तो अगदी खाणीतल्या दिवसांसारखा दिसला, असं थोराला वाटलं.

"इंजिनच्या हेडचं पॅकिंग गेलंय. आत हवा होती. तापमान मोजणारी सुई हवेतच लोंबत राहिली, म्हणून दिवा लागला नाही." त्याचा आवाज चढला. "ही गाडी सपाट जमिनीवर ठेवून भरलीय! कुणी केलं हे? कुठल्या गाढवानं हात लावला हिला? माणूस मेला असता!"

लाव्हार त्याच्याकडे बघत राहिला. त्याने बोलायला तोंड उघडलं.

"मी," थोरा म्हणाली.

दोघेही वळले.

"मी भरली. तू झोपला होतास. मला वाटलं, येतं मला." हे खोटं आहे असं बोलताना तिला वाटलं नाही. उन्हाळाभर ती बोलली नव्हती, त्याचंच हे फळ होतं.

"तुला कुणी सांगितलं होतं?" लाव्हारचा आवाज फाटला. "थोरा, तुला कुणी सांगितलं होतं गं? पाणी ठेवलं होतं मी त्याच्यापुढं. प्यायलासुद्धा नव्हता."

"चूक झाली, लाव्हार."

"चूक!" तो पिकअपमध्ये बसला आणि दार आपटून निघून गेला.

आर्विलने हातातला पाना भिंतीवर जागेवर अडकवला. एकेक करून सगळी हत्यारं अडकवली. थोराच्या जवळ आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"रडू नकोस. तुझ्या मनात वाईट नव्हतं," तो म्हणाला. "पण यापुढं नको. हे तुझं काम नाही. तू इथं येत राहिलीस, तर माझं लक्ष राहणार नाही. आपण शेडच बंद करू."

"बरं," थोरा म्हणाली.

त्याने स्वतः कुलूप लावलं. गावात कुणी विचारलं तर तो खालच्या आवाजात सांगे, "बायकोच्या हातून एक गाडी बिघडली. तिला दुखवायचं नाही मला. म्हणून कामच घेत नाही." लोक थोराकडे पाहत. चर्चच्या स्वयंपाकघरात तिला कुणी काही बोललं नाही. फक्त ती आली की बायकांचं बोलणं थोडं तुटायचं. ती बटाटे सोलत राहायची.

ऑगस्टमधल्या एका रविवारी चर्चच्या दाराशी लाव्हार समोर आला. तो तोंड फिरवून जाणार, तोच आर्विलने त्याचा हात धरला.

"काय रे, आज टिप कुठाय? पिकअपमध्ये ठेवलास? ऊन आहे, काच खाली कर बाबा."

लाव्हारचा चेहरा पांढरा पडला. त्याला वाटलं, हा चेष्टा करतोय. मग त्याने आर्विलच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे काहीच लपवलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आर्विलने पुन्हा विचारलं, "टिप कुठाय?"

या वेळी लाव्हार म्हणाला, "घरी झोपलाय. म्हातारा झालाय आता." आणि आर्विल गाडीत बसेपर्यंत थांबून तो थोराजवळ आला. टोपी दोन्ही हातांत धरून म्हणाला, "त्या दिवशी... ते तू नव्हतीस."

"मीच होते, लाव्हार."

"थोरा..."

"मीच होते. त्याच्यासमोर हा विषय परत कधी काढू नकोस."

लाव्हारने मान हलवली. तिच्या हातातली बटाट्यांची रिकामी परात त्याने काढून घेतली आणि गाडीपर्यंत नेऊन ठेवली.

ऑक्टोबर आला. हरणांच्या शिकारीचा पहिला शनिवार. पहाटेपासून घाटाकडे रानगाड्यांची रांग लागली होती, शिकाऱ्यांच्या भडक नारिंगी टोप्या, धूळ, कुत्री, पोरं. आर्विल आणि थोरा पांघरूण घेऊन पुढच्या ओसरीत बसले होते. आता तो दिवसदिवस बोलत नसे. कधी तिला "बाई" म्हणे, नाव त्याला सापडत नसे.

एक हिरवी गाडी वळणावरून आली. थंडीतसुद्धा तिचा पंखा घरघरत होता, आणि मागे रेडिएटरमधलं पाणी जळाल्याचा गोडसर वासाचा पांढरा धूर. आर्विलची मान वर झाली. तो उठला. पांघरूण खाली पडलं. चपलांवरच तो गवतातून कुंपणापर्यंत गेला आणि त्याने हात वर केला. पंजा पूर्ण उघडा. थांब.

"तापणार," तो मागे न बघता म्हणाला. "चढावर जाऊ देऊ नका त्याला."

चालवणारा कुणीतरी परगावचा पोरगा होता. त्याने म्हाताऱ्याला पाहिलं, हसला, त्यानेही हात वर केला आणि पुढे निघून गेला. त्याच्या मागच्या गाडीवाल्याने हात केला. त्याच्या मागच्यानेही.

आर्विल हात खाली घेईना.

थोरा पांघरूण उचलून गवतातून चालत गेली. त्याच्या शेजारी, कुंपणाला लागून उभी राहिली. तिने त्याच्या खांद्यांवर पांघरूण टाकलं, आणि मग आपलाही हात वर केला. धूळ खाली बसेपर्यंत दोघे तसेच उभे होते.