शनिवारचा उपास

सोयराबाईंची खात्रीच पटली होती, सून पोराला काहीतरी चारते. नाहीतर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लोखंड उचलणारा तिशीचा विठोजी रविवारीच लुळा कसा पडतो? शुद्धीत असायचा, बोलायचा, पण हात उचलेना की पाय हलेना. दुपार टळली की उठून चिकपेटेच्या बाजारात फिरायला मोकळा! चार महिन्यांत पाच वेळा. वा रे दुखणं!

त्यांनी त्याचा नेहमीचा शनिवारचा उपास आणखी कडक केला, तरी फरक नाही. भार्गवी सारखी म्हणायची, "आत्याबाई, दवाखान्यात दाखवूया." साळसूदपणा तर बघा! सोयराबाईंनी मसाल्याचे डबे हुंगले, तिची उशी उसवली. काही सापडेना. म्हणजे बाई पक्की आहे, दुसरं काय!

शेवटी त्यांनी तिला मल्लेश्वरला माहेरी धाडलं. "तू नसताना पोरगा धड राहिला, तर परत यायचं नाव काढू नकोस." भार्गवी रडत गेली.

त्या शनिवारी विठोजी दिवसभराच्या उपासाने गळून घरी आला. उपास गोडानेच सोडायचा, ही घरची रीत. सोयराबाईंनी स्वतः रांधलं, साखरभात वाढला, वर चार पुरणपोळ्या. "खा रे, आज आईच्या हातचं आहे."

रविवारी सकाळी त्याची हाक आली, "आई, पाय हलत नाहीत गं."

सोयराबाईंनी शेजाऱ्यांना हाका मारल्या. शेजाऱ्यांनी उचलून त्याला रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टर हर्षितांनी रक्त तपासलं, काल काय काय खाल्लं ते विचारलं आणि समजावलं, "रक्तातलं पोटॅशियम घसरलंय. दुर्मीळ आजार आहे. कष्ट, उपास, मग एकदम एवढं गोड खाऊन झोप, की पोटॅशियम स्नायूंत शिरतं नि हातपाय बंद पडतात. विष नाही, करणी नाही. औषध देते. उपास बंद, गोडाची ताटं बंद, थोडं थोडं खायचं. काल वाढलं कोणी?"

"मीच," सोयराबाई कशाबशा म्हणाल्या.

दुपारी त्याची बोटं हलली, तशा त्या थेट मल्लेश्वरला गेल्या. दारातच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "चुकलं माझं. चल घरी."

भार्गवीने आत जाऊन पिशवी भरून आणली.

"येते. पण ह्यांचं ताट मी वाढणार. तुमच्या हातचं ह्यांच्या तोंडात जाऊ देणार नाही. माझा भरवसा उरला नाही, आत्याबाई."

तीस वर्षं त्याला भरवलेला तो हात. सोयराबाईंना रडू आवरेना.

"सरी, तू म्हणशील तसं," त्या म्हणाल्या, आणि सुनेची पिशवी उचलून घेतली.