तीन तोंडांची झडप

“ही नका घेऊ,” कॅटलॉग म्हणाला. “प्लास्टिकची आहे. महिन्याभरात तापून वाकडी होईल.”

कॅटलॉग म्हणजे सुट्या भागांच्या दुकानातला काउंटरवरचा माणूस. सगळ्या भागांचे नंबर तोंडपाठ, म्हणून हे नाव. त्याने काचेवर तीन झडपा मांडल्या होत्या आणि आमचे मिस्त्री सोनाराच्या दुकानात आल्यासारखे एकेक उचलून, उलटीपालटी करून बघत होते.

टर्बोच्या गाडीत इंजिनाला हवा दाबून भरतात. किती भरायची आणि कुठे थांबायचं, ते काम काड्यापेटीएवढी एक झडप करते. तिला तीन तोंडं असतात, प्रत्येक तोंडाला एक रबरी नळी. बूस्टचा सोलेनॉईड म्हणतात तिला. दाताच्या डॉक्टरबाईंच्या गाडीतली ही झडप मेली होती आणि कंपनीने तसली बनवणं कधीच बंद केलं होतं. म्हणजे बाहेरची घेणं आलं.

“दुसरी घ्या, मिस्त्री,” मी म्हणालो. “अगदी जुनीसारखी आहे. नळ्या होत्या तशा खुपसल्या की सुटलो.”

“तू तुझ्या वायरी बघ रे, वायऱ्या.”

मी गॅरेजमधला इलेक्ट्रिशियन. माझं खरं नाव मलाच आठवावं लागतं.

मिस्त्रींनी तिसरी उचलली. ॲल्युमिनियमची, जड, शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसली. “ही घ्यायची. गाडी भंगारात जाईल पण ही चालत राहील. बाईंना पुन्हा ह्या कामासाठी यायला लागता कामा नये.”

“माल उत्तम आहे,” कॅटलॉग म्हणाला, “पण हिची तोंडं वेगळ्या क्रमाने आहेत हां. आत कागद आहे, तेवढा वाचा.”

“कागद वाचून काम करायला मी काय वकील आहे?”

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा. गाढव मी.

मिस्त्रींना कागदाची गरज कधी पडलीच नव्हती. सव्वीस वर्षं मी त्यांच्या शेजारी काम केलं. कुठलीही झडप असो, ते आधी ओठाला लावायचे आणि फुंकायचे. ह्या तोंडातून फुंकली की हवा त्या तोंडातून येते, म्हणजे ही नळी इथे आणि ती तिथे. कंपनीवाले छापताना चुकतील, हवा खोटं बोलत नाही, असं म्हणायचे. आणि ते कधी चुकले नाहीत.

चुकले ते ह्याच्या आदल्या महिन्यात. ऑईलचा नट ढिला राहिला आणि एका गिऱ्हाइकाचं सगळं ऑईल रस्त्यात सांडलं. आमचे शेठ वयाने लहान, मोठ्या शेठच्या पश्चात गादीवर आलेले. मिस्त्रींना काका म्हणतात. त्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “काका, आणखी एकदा असं झालं तर मला तुम्हाला घरी बसवावं लागेल. माझा नाइलाज आहे.”

घरी होतं काय? बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन दूर, एक खोली आणि एक टीव्ही. रविवारीसुद्धा हा माणूस गॅरेजच्या बंद शटरसमोरून चक्कर मारून जायचा. मला दिसायचा, कारण मीही काही फार शहाणा नाही.

आणि एक गोष्ट शेठना ठाऊक नव्हती. मिस्त्रींची छाती गेली होती. इतक्या वर्षांची ब्रेकची धूळ आणि पेट्रोलचा वास फुप्फुसात जाऊन बसला होता. तोंडाने ओढायचं औषध ते पान्यांच्या खणात, चिंधीखाली लपवून ठेवायचे. ते फक्त मी पाहिलं होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

तर त्या दिवशी दुपारी मिस्त्रींनी ती नवी झडप ओठाला लावली. गाल फुगले, मानेची शीर ताठ झाली, आणि हवेऐवजी खोकला आला. असा खोकला, की त्यांना बॉनेटला धरून उभं राहावं लागलं. मग त्यांनी कोणी बघतंय का म्हणून आजूबाजूला पाहिलं. मी पटकन फ्यूजच्या डब्यात डोकं घातलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. मग शर्टाला झडप पुसली आणि कोणी विचारलेलं नसताना मोठ्याने म्हणाले, “हां, बरोबर आहे.” आणि जुनीला होत्या त्याच क्रमाने नळ्या लावल्या.

‘द्या इकडे, मी फुंकतो.’ चार शब्द. तोंडाशी आले होते हो! पण ते बोललो असतो तर मिस्त्रींना फुंकता येत नाही हे सगळ्या गॅरेजला कळलं असतं. मान राखायला गेलो आणि माणूस घालवला.

चाचणीला आम्ही दोघंच निघालो. गॅरेजमागे एक चढाचा रस्ता आहे, तिथे मिस्त्रींनी पाय दाबला. गाडी अशी ओढायला लागली की मी सीटला चिकटलो.

“बघितलंस?” मिस्त्री म्हणाले. “ह्याला म्हणतात माल. तू ती दुसरी घेत होतास!”

कित्येक महिन्यांत त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. मी दाबाच्या काट्याकडे पाहिलं. तो जिथे थांबायला हवा होता त्याच्या पुढे गेला होता आणि अजून जातच होता.

“मिस्त्री, पाय काढा. काढा पाय!”

“अरे, जाऊ दे की थोडी—”

गाडी जुनी, तिचा कम्प्युटरही जुना. त्याने आवर घालेपर्यंत खाड्कन आवाज झाला आणि मागे सगळा रस्ता धुराने पांढरा झाला. पिस्टन फुटला होता. मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक लावला, किल्ली बंद केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मी खाली उतरलो. ते उतरेनात.

गाडी ओढत आणली. शेठनी खोक्यातला कागद काढला, दोन मिनिटं वाचला आणि बॉनेटमध्ये वाकून पाहिलं. दोन नळ्यांची अदलाबदल. हवा थांबवणारी वाटच बंद.

“हे कोणी लावलं?”

“मी,” मी म्हणालो.

मिस्त्री माझ्यावर असे उसळले! “हा? ह्याला कळतात का नळ्या? लाल वायर, काळी वायर, त्यापुढे अक्कल चालत नाही ह्याची. मी लावल्यात.”

शेठनी कागदाची घडी घातली. मग हलकेच विचारलं, “काका, तुम्ही तर नेहमी फुंकून बघता. ह्या वेळी नाही बघितलं?”

खरं सांगायची वेळ होती. छातीचं सांगितलं असतं तर शेठनी कदाचित स्टोअरमध्ये एखादी खुर्ची दिली असती. माणूस वाईट नाही तो. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला स्वच्छ कळली. तोंड उघडू नकोस.

“नाही बघितलं,” ते म्हणाले. “विसरलो.”

ऑईलचा नटही विसरले होते, नळ्याही विसरले. विसरणाऱ्या मिस्त्रीला कोण ठेवणार? शेठ म्हणाले, “काका, आता घरी आराम करा.” मिस्त्री “बरं” म्हणाले. मी उभा होतो, आणि ह्याही वेळी मी काही बोललो नाही.

तीन आठवडे गेले. दरम्यान पुढच्या ऑफिसात नवीन मुलगी लागली होती. एक दिवस सकाळी मी हजेरी लावून आत जात होतो, तर गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर मिस्त्री. इस्त्रीचा शर्ट, केस चोपून बसवलेले, हात मांडीवर. सव्वीस वर्षांत त्या खुर्चीवर त्यांना बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

मुलगी वही उघडून अदबीने म्हणाली, “काका, तुमची गाडी कोणती?”

“गाडी नाही, बेटा.”

“मग?”

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “ह्याची वाट बघतोय. जेवणाच्या सुट्टीत भेटायचंय जरा.”

माझी जेवणाची सुट्टी एक वाजता होते. तेव्हा सव्वानऊ वाजले होते.