मेथीच्या वाफ्याची वतनदारी

टेक्सासमधल्या अर्विंगच्या मराठी मंडळात दर ऑगस्टला विद्यार्थ्यांचं वाटप होई. एमएस करायला आलेली पोरं, घरटी दोन. कुटुंबानं त्यांना एअरपोर्टवरून आणायचं, झोपायला गादी द्यायची आणि मराठी संस्कार द्यायचे. बदल्यात पोरांनी काय करायचं हे मंडळानं लिहिलं नव्हतं. ते दिगंबररावांनी स्वतःच ठरवून टाकलं. २००५ साली त्यांच्या वाट्याला प्रथमेश आणि त्र्यंबक आले. महिन्याभरात पोरांकडून घरामागचा लाकडी डेक रंगवून झाला, गराजही आवरून झालं.

आता परसात मेथीचा वाफा खणायचा होता. दिवाळीला सगळ्यांना घरची मेथी खिलवीन, असं ते मंडळाच्या गणपतीत माइकवर बोलून बसले होते. टेक्सासची माती विटेसारखी आणि त्यांची कंबर पापडासारखी.

शनिवारी पोरांबरोबर पोहे खाताना त्यांनी फावड्याचा विषय काढला. तेवढ्यात त्यांची सातवीतली मुलगी इशिता शाळेचा चार्ट घेऊन आली.

"बाबा, लिसन ना. एन्कोमिएंडा. स्पेनचा राजा एकेका साहेबाला जिंकलेल्या मुलखातली माणसं वाटून द्यायचा. ती फुकट राबणार, आणि हा त्यांना प्रोटेक्ट करणार, धर्म शिकवणार. पण शिकवायचं कोणी नाही. नुसतं राबवायचे. मरेपर्यंत."

"म्हणजे आपलं मंडळच की," दिगंबररावांच्या बायको, लताबाई म्हणाल्या.

त्र्यंबकनं हातातली बशी खाली ठेवली.

"काका, आमची शिकवणी राहिलीय," प्रथमेश म्हणाला. "बारा मराठी महिने सांगा ना. ओळीनं."

"त्यात काय! चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद..." गणपतीपर्यंत गाडी झोकात आली. "...दिवाळी."

"काका, दिवाळी हा महिना नाही."

"थँक्सगिव्हिंग," इशितानं हळूच सुचवलं.

"मग राजाकडे तक्रार करावी लागेल यार," त्र्यंबक म्हणाला. राजा म्हणजे मंडळाच्या अध्यक्ष, उत्तराताई. त्यांच्या कानावर गेलं की डॅलसभर होई.

"अरे, पण माझी जमीन कोण खणणार?" दिगंबरराव कळवळले.

"राजाच्या ग्रँटमध्ये जमीन नसायचीच, बाबा. फक्त माणसं," इशितानं चार्टवर बोट ठेवलं. "जमीन तुझीच राहते. डोंट वरी."

तासाभरानं परसात जेवणाच्या ताटाएवढा खड्डा झाला होता. प्रथमेश सावलीत ताक पीत उभा होता. "काका, गुडघ्यात वाका, कंबरेत नको."

दिगंबररावांनी फावडं टेकवलं आणि माइकवरचं आपलं भाषण शब्दन् शब्द आठवून पाहिलं. घरची मेथी खिलवीन, असं म्हटलं होतं. माणशी किती पानं, ते म्हटलं नव्हतं.