मोहिद्दीन उस्तादांच्या बंदुका

"मोडतीया का कुठं?" मोहिद्दीन उस्तादांनी विचारलं.

त्यांच्या लेकीनं, मेहरुननं, बंदुकीची नळी डोळ्याला लावून खिडकीकडं धरली होती. खिडकीच्या चौकटीची सावली नळीच्या आत रेघेसारखी उतरते. नळी जिथं वाकडी असेल, तिथं ती रेघ मोडते. घराण्याची ही चार पिढ्यांची पारख.

"तळापासनं वीतभर वर. केसाएवढी."

"मग मला काय सांगतीस? ठोक."

"ठोकते. तुमी पान खावा तवर."

"पान खायाला लावतीस म्हंजे घाव चुकायचं भ्या वाटतंय तुला," म्हातारा हसला.

तिनं नळी ऐरणीवर ठेवली, लाकडी हातोड्याचा एकच घाव घातला आणि पुन्हा खिडकीकडं धरली. रेघ सरळ झाली होती. उस्तादांनी नळी तिच्याकडून घेतली, दोरीनं बोटाला टांगली, चिंचेच्या लाकडाच्या तुकड्यानं हळूच ठोकली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. नाद विरेपर्यंत.

"हां. बोलली."

उस्ताद डोळे मिटून बंदूक पारखतात, ही गोष्ट मलकापूरपासून पार आटपाडीपर्यंत लोक कौतुकानं सांगत. डोळे उघडले तरी त्यांना काही दिसत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सन चाळीसमध्ये दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. डोळ्याला चाकू लावून घ्यायला ते तयार झाले नाहीत. तेव्हापासून भट्टी, कानस, नळीचं भोक, घोडा, चाप, दस्ता, सगळं मेहरुन करत होती. नवरा वारल्यावर ती विशीत माहेरी परतली, तेव्हापासून हाताखाली होतीच. मराठी सातवी पास, कराडच्या वाचनालयातली अर्धी कपाटं वाचून काढलेली. विलायती कंपनीची बंदुकांची चित्रं असलेली जाडजूड इंग्रजी यादी शब्दकोश घेऊन तिनंच बापाला वाचून दाखवली होती. यादी संपल्यावर उस्ताद म्हणाले होते, "समदं खरं. पन त्यांनी आटपाडीचा लांडगा कुठं बघितलाय?"

कारण या दुकानातला माल मुलूख बघून होई. दारावरच्या पत्र्याच्या पाटीवर आजोबांच्या काळापासून तो लिहिलेला होता. आटपाडीच्या मेंढपाळांसाठी लांब नळीची एकनळी, कारण तिकडचा माळ उघडा आणि लांडगा दूर. कृष्णाकाठच्या ऊसवाल्यांसाठी आखूड, जाड नळीची दुनळी, कारण रानडुक्कर सरीतून चार हातांवर अंगावर येतं. जत्रेच्या सलामीसाठी उखळ्या. ठासणीच्याच सगळ्या. पणजोबा एका सरदाराच्या शस्त्रागारात होते. सत्तावनच्या बंडानंतर हत्यारं काढून घेतली गेली, तेव्हा त्यांनी वीस वर्षं अडकित्ते आणि विळे केले. मग आजोबांनी सरकारी परवाना मिळवला आणि पुन्हा नळी धरली.

दुपारी आटपाडीचा गुंडा धनगर त्याची एकनळी न्यायला आला.

"उस्ताद, लांडगं लय माजल्यात. बंदूक बघून हासत्यात."

"जुनी बघून हासत असतील. ही दाखव, रडत्याल."

"न्हाई रडली तर?"

"तर तू रड. जोडीला म्हणून आमी येऊ."

बंदूक गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी दोन बार व्हायचे. पहिला, दुप्पट दारू भरून, बंदूक बाभळीच्या खोडाला बांधून लांबून दोरी ओढायची. दुसरा घरचा बार. तो बंदूक करणाऱ्यानं स्वतःच्या खांद्यावरून, दस्त्याला गाल लावून उडवायचा, गिऱ्हाइकाच्या देखत. नळी फुटली तर आधी घरच्याचं तोंड जाईल. त्याशिवाय या घरातून बंदूक बाहेर गेली नव्हती.

बाभळीचा बार झाला. मग उस्ताद मागच्या टेकाडाकडं तोंड करून उभे राहिले. मेहरुननं त्यांच्या कोपराला हात लावला. लोकांना वाटे, लेक म्हाताऱ्याला आधार देते. ती दिशा देत असे. त्यांनी गाल लावला. दर खेपेला याच घडीला मेहरुनचा श्वास अडकायचा. नळी तिनं केलेली, गाल त्यांचा. गेल्या सहा वर्षांत सत्तावीस वेळा.

बार झाला. कावळे उठले. गुंडानं बंदूक छातीशी धरली आणि चालू लागला.

संध्याकाळी ते म्हणाले, "नळीवर खूण माझीच मारलीस न्हवं?"

"मग कुणाची मारणार?"

उस्ताद पान चघळत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजाला ते उठले नाहीत.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी ओट्यावर माणसं बसली होती. त्यांत लालासाहेब होते. पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार, आता दहा एकर उसाचे मालक. दोन वर्षांपूर्वी त्यांनी इथूनच दुनळी नेली होती. आत उस्तादांची बहीण रहिमतबी ऊर बडवून रडत होती, आणि रडता रडता तिच्या तोंडून गेलं,

"सहा वर्सं माझ्या भावाला उजेड दिसला न्हाई गं! आंधळा गेला गं माझा भाऊ!"

ओट्यावर ते सगळ्यांना ऐकू गेलं. लालासाहेबांनी टोपी सारखी केली आणि उठून गेले.

आठ दिवसांत त्याच ओट्यावर अकरा बंदुका येऊन पडल्या. आंधळ्याच्या हातची बंदूक कोण गालाला लावील? पोलीस पाटलाचा निरोप आला : सोमवारी फौजदार येतील, उस्तादांच्या शेवटच्या सहा वर्षांतल्या सगळ्या बंदुका गोळा करून तोडतील, परवानाही जमा होईल.

"तू गप बस," रहिमतबी म्हणाली. "माझ्या तोंडानं घात केलाच हाय, आता तू भर घालू नगंस. बाईच्या हातच्या म्हटलं तर लोक हासत्याल. भावाचं नाव धुऊन जाईल."

"गप बसले तर नाव राहील का, फुफू?"

"चार दिसांनी इसरत्याल."

"बंदुका तोडल्यावर काय इसरायचं राहतं?"

मेहरुन रात्रभर जागली वगैरे नाही, झोपली. सकाळी उठून भट्टीजवळ बसली आणि अकराच्या अकरा बंदुका उघडल्या. नळ्या सोडवल्या, पुसल्या, एकेक खिडकीकडं धरली. एकीचीही रेघ मोडत नव्हती. अकरावी ठेवताना तिच्या लक्षात आलं, की इतके दिवस आपण रडलो नाही, आणि आताही रडायला वेळ नाही. तिनं साताऱ्याला परवान्याचा अर्ज लिहिला, स्वतःच्या नावानं, स्वच्छ अक्षरात. बंदुका पुन्हा जोडल्या.

सोमवारी फौजदार यायच्या आधीच माणसं जमली. लालासाहेब पुढं होते.

"मेहरुन, आमचं उस्तादांशी वैर न्हवतं," ते म्हणाले. "पन पोरंबाळं हायत घरात. दिसत नसताना त्यांनी बंदुका करायच्या न्हवत्या. ही फसवणूक झाली."

"तुमची दुनळी कशी चालली हवालदारसाहेब?"

"चालली. चार डुकरं पाडली. पन आता कळल्यावर हात धजत न्हाई."

मागून कुणीतरी म्हणालं, "आंधळ्यानं नळी कातली, आन् आमी नशिबानं वाचलो."

दोघंतिघं हसले. दारातून रहिमतबीनं मेहरुनचा पदर ओढला. मेहरुननं तो सोडवून घेतला आणि ओट्याच्या कडेला येऊन उभी राहिली. तिचा आवाज एरवी कधी दुकानाबाहेर गेला नव्हता. आज ती बोलली, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"अब्बांना दिसत न्हवतं. खरं हाय. त्यांनी ह्यातली एक बी बंदूक केली न्हाई. ह्या मी केल्या. नळी, घोडा, चाप, दस्ता, समदं. खूण तेवढी त्यांची मारली, कारण माझी खूण घेऊन तुमी बंदूक नेली नसती. फसवणूक म्हणायची तर ही म्हणा, आन् ती माझी म्हणा."

तिनं लालासाहेबांची दुनळी उचलून त्यांच्यापुढं धरली.

"आन् लालासाहेब, तुमच्या दुनळीला पैला गाल कुणी लावला, आठवतंय न्हवं? तुमी इथंच हुभं होता. लेकीनं काय केलंय, त्यांना दिसत न्हवतं. तरी त्यांनी सत्तावीस डाव गाल लावला, एकदा बी माघार घेतली न्हाई. तुमाला तर डोळं हायत. बघा, आन् मग सांगा. ह्या बंदुका माझ्या हातच्या हायत."